चष्मेवाल्यांची कादंबरी

“नाही म्हणजे नाही,” चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी बटाट्याची फोड चमच्यानं अशी काही दाबली की ताटातच तिचा भुगा झाला. “स्वतःचं पुस्तक स्वतः छापायचं, स्वतःच लोकांच्या हातात कोंबायचं आणि वर स्वतःला लेखक म्हणवून घ्यायचं. काही लाज आहे की नाही माणसाला?”

“लाज कसली त्यात, बाबा?” मुलगी मघापासून हेच विचारत होती. “आमच्या ऑफिसातल्या दोघांनी छापलीत. मांडणी मी करून देते, मुखपृष्ठ मी करून देते. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“तेच म्हणतोय मी. हल्ली कुणीही छापतं. मग कुणीही आणि मी, यात फरक काय राहिला?”

“फरक हा, की त्यांची पुस्तकं छापून झालीत,” आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात झाली. एकाची तार दुसऱ्याला जोडून द्यायची आणि मधे कानावर पडेल ते ऐकायचं, अशी चाळीशीपर्यंत सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात भांडण असलं की ती जेवण लांबवत बसायची. भांडण विझायला लागलं की एक वाक्य टाकायची.

चष्मेवाल्यांनी चमचा खाली ठेवला. आता ते दुकानातल्या आवाजात बोलणार, हे तिघींनाही कळलं.

“हे बघ. स्वतःच्या डोळ्यांचा नंबर स्वतःला काढता येत नाही. समोर दुसरं माणूस बसावं लागतं. त्यानं भिंग बदलून विचारावं लागतं, आता कसं दिसतंय, आता कसं. प्रकाशक म्हणजे तो माणूस. तुम्ही लेखक आहात, हे त्यानं सांगायचं असतं. आपलं आपण सांगून चालत नाही.”

“आणि हा नाकावरचा तुम्हाला कोणी काढून दिला?”

हे बायकोनं विचारलं. ती इतका वेळ दिव्याखाली उभी राहून गोळ्यांची पट्टी हात लांब करून न्याहाळत होती. या भांडणात ती नव्हती, असं सगळ्यांना वाटत होतं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. गावात चष्म्यांचं दुसरं दुकान होतं, पण त्या माणसाच्या हाती आपले डोळे द्यायला ते तयार नव्हते. मग एका रिकाम्या दुपारी त्यांनी स्वतःच स्वतःसमोर कार्ड धरलं होतं आणि स्वतःलाच विचारलं होतं, आता कसं दिसतंय.

“तो अपवाद आहे,” ते म्हणाले.

“बाळ,” आत्या म्हणाली, “तुझे सगळे अपवाद नेमके तुझ्याच नाकावर कसे रे येऊन बसतात?”

साठीला टेकलेल्या माणसाला कुणी बाळ म्हटलं की त्याच्या बोलण्यातली हवा जाते. चष्मेवाले उठून हात धुवायला गेले आणि त्या दिवसापुरतं भांडण मिटलं.

त्यांचं दुकान बेकरी आणि चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान यांच्या मधे होतं. लांबट, अरुंद. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, भिंतीला टेकून गिऱ्हाइकांसाठी एक बाक, आणि आत पडद्यापलीकडे तपासणीची खुर्ची. पडदा नावालाच होता. तो निम्मा सरकायचा आणि निम्मा अडकायचा, त्यामुळे आत जे बोलणं होई ते बाकावरच्यांना ऐकू येई. दुपारी मात्र दुकानात चिटपाखरू नसे. अशा दुपारी चष्मेवाल्यांनी कादंबरी लिहिली. भिंगं ज्या कागदी पाकिटांतून येतात ती पाकिटं ते कडेनं कापून उघडत आणि आतल्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहीत. पाकिटावर जेवढं मावेल तेवढाच त्यांचा परिच्छेद. म्हणून कादंबरीतलं कुणी कधी फार वेळ बोलत नाही. मुलीनं ती सगळी पाकिटं टाईप करून दिली तेव्हा एकदाच विचारलं होतं, “बाबा, इथे ती वाक्याच्या मधेच का थांबली?” चष्मेवाले म्हणाले होते, “गिऱ्हाईक आलं असेल.”

कादंबरीतली बाई एका सकाळी घराला बाहेरून कुलूप लावते, ओढून बघते, किल्ली शेजारणीच्या हातात देते, “दूध आलं तर घेऊन ठेवा” म्हणते, आणि जाते. पुढची सगळी कादंबरी ती कुठे कुठे राहिली, काय काय कामं केली, कुणाकुणाला काय नाव सांगितलं याची. ती का गेली ते कुठेच सांगितलेलं नाही. शेवटी ती एका स्टेशनाच्या बाहेर उभी असते आणि कुणीतरी तिला वाट विचारतं. ती ती वाट बरोबर सांगते. संपली.

ही बाई कोण, यावर घरात कुजबुज होतीच. आत्याची खात्री होती की ही आपणच. “मीच नाही का घर सोडून इथे आले?” ती म्हणायची. ती आली होती भावाच्याच घरी, तीन बॅगा आणि शिवणाचं मशीन घेऊन, आणि भाऊ स्वतः तिला आणायला गेला होता. पण तेवढा तपशील ती सोडून द्यायची. बायकोनं फक्त एकदा विचारलं होतं, “ही मी का?” चष्मेवाले घाईघाईनं नाही म्हणाले. “बरं,” ती म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये तिला हायसं वाटलं की ती खट्टू झाली, हे चष्मेवाल्यांना अजून उलगडलं नव्हतं. बाड तिच्यापुढे ठेवलं की “नंतर वाचते” म्हणायची. चष्मेवाल्यांनी मनाशी समजूत घातली होती की काही घरांत असं असतंच. हलवायाच्या घरातली माणसं तरी कुठे मिठाई खातात?

बाड मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रकाशकांकडे जाऊन कितीतरी दिवस झाले होते. “विचार चालू आहे,” एवढंच उत्तर यायचं. चष्मेवाले अधूनमधून फोन करायचे. तिथल्या मुलीला त्यांचा आवाज ओळखू यायला लागला होता. “चष्म्याचे काका ना? चालू आहे हं विचार.” कुणी चौकशी केली की ते सांगायचे, “सध्या प्रकाशकांकडे आहे.” एखादा बाप मुलगी परदेशात असल्याचं सांगतो, त्याच सुरात. लेखक हा शब्द मात्र ते स्वतःसाठी कधीच वापरत नव्हते. तो कुणीतरी द्यायचा, मग घ्यायचा. तोवर हात लावायचा नाही.

तरीपण माणसाचा जीव आहे. मधल्या काळात त्यांनी एक गोष्ट केली.

जवळचा नंबर काढताना गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतात. वर मोठ्या अक्षरात एक-दोन ओळी, खाली त्याहून लहान, त्याखाली आणखी लहान, आणि तळाशी मुंगीएवढी. दुकानातलं कंपनीचं कार्ड पिवळं पडलं होतं, कोपरे उडाले होते. त्यावर झाडांपासून होणाऱ्या फायद्यांबद्दल मजकूर होता. तो वाचताना गिऱ्हाइकांना जांभया येत. मुलगी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर मांडायचं काम करायची, तिला अक्षरांची मापं तोंडपाठ. चष्मेवाल्यांनी तिच्याकडून नवीन कार्ड करून घेतलं आणि झाडांच्या जागी आपल्या कादंबरीची सुरुवात टाकली. “काहीतरी तर छापायला हवंच होतं,” असं ते घरी म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

कार्डाच्या माथ्यावर टपोऱ्या अक्षरात आलं: ‘तिनं कुलूप लावलं. ओढून पाहिलं.’ मग किल्ली, शेजारीण, दूध. आणि तळाच्या मुंगीएवढ्या ओळीत ती कोपऱ्यापर्यंत जाते, वळून बघते आणि…

तिथे कार्ड संपायचं.

गावात चष्म्याला असे दिवस कधी आले नव्हते. ज्यांनी वर्षानुवर्षं “अजून दिसतंय की” म्हणून काढली होती, तेसुद्धा तळाची ओळ वाचण्यासाठी खुर्चीत पुढे सरकायचे. भिंग बदललं, की “थांबा थांबा, आता लागतंय,” म्हणायचे. वाचून झालं की विचारायचे, “मग? गेली ती?” चष्मेवाले फक्त हसायचे. पुढचं वाचायला पुस्तक यावं लागेल, ते प्रकाशकांकडे आहे.

आणि गिऱ्हाईक वाचायला लागलं की चष्मेवाले डोळे मिटून घ्यायचे. आपलं वाक्य परक्या तोंडून ऐकणं हे फार वेगळं सुख असतं. नाना आवाजांत त्यांनी ते ऐकलं होतं, खोकत, अडखळत, तोंडातल्या सुपारीसकट. एका बाईनं तर ‘ओढून पाहिलं’ म्हणताना हातानं खरंच ओढल्यासारखं केलं. चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

याच सुमारास बायकोही एकदा, बाकावर आपली पाळी येईपर्यंत थांबून, खुर्चीत बसून गेली होती. डोकं दुखतं म्हणाली. त्यांनी कार्ड दिलं, अगदी हलकं भिंग घातलं. तिनं सगळं कार्ड वरपासून खालपर्यंत एका दमात वाचलं. चष्मेवाले डोळे मिटूनच ऐकत होते. “तुला काही नंबर नाही,” त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं. “तुझे डोळे माझ्याहून चांगले आहेत.”

मग एके दिवशी बँकेतले निवृत्त कॅशियर दुकानात शिरले आणि त्यांनी चष्म्याची डबी काउंटरवर आपटली.

“हा तुमचा चष्मा. याच्यातून मला बियांच्या पाकिटावरचं वाचता येत नाही. मुळे म्हणून पेरले. गाजरं आली. बायको रोज किसतेय.”

“कसं शक्य आहे?” चष्मेवाल्यांच्या आवाजात धार आली. त्यांच्या कामाबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता. “तुम्ही खुर्चीत बसून तळाची ओळ घडाघडा वाचलीत. पहिल्याच भिंगाला.”

“वाचणारच! पाठ आहे मला.”

“पाठ?”

“आता काय सांगू तुम्हाला. मागच्या वेळी वाचली होती. या वेळी बाकावर बसलो होतो, तर माझ्या आधी आत गेलेल्या सगळ्यांनी वाचली. तुमचा हा पडदा. तुम्ही कार्ड हातात दिलंत, मी म्हटलं, हे तर आपलं येणारं आहे.” कॅशियरांनी नजर छताला लावली आणि शाळेत कविता म्हणतात तसं सुरू केलं. “तिनं कुलूप लावलं. ओढून पाहिलं. किल्ली अजून हातात गरम होती…”

“शेजारीण दारातच उभी होती,” बाकावरच्या बाई म्हणाल्या. त्या फ्रेमचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या होत्या.

“जणू तिला आधीपासून ठाऊक होतं,” त्यांच्या शेजारचे म्हातारबुवा म्हणाले.

आणि मग सगळा बाक मिळून तळाच्या ओळीपर्यंत गेला. ‘ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळून पाहिलं आणि’ इथे येऊन सगळे एकदम थांबले आणि चष्मेवाल्यांकडे बघायला लागले.

असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? पण गेल्या कित्येक महिन्यांत या खुर्चीत बसून कोण बघून वाचत होतं आणि कोण आठवून, हे त्यांना मुळीच सांगता येत नव्हतं. त्यांनी बघितलंच नव्हतं. ते डोळे मिटून होते.

गाव तसं समजूतदार होतं. फार कुणी रागावलं नाही. पण माणसं एकेक करून यायला लागली. बेकरीवाल्यांना पाकिटावरची तारीख दिसत नव्हती. शिवणकाम करणाऱ्या बाई सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोराला हाक मारत होत्या, आणि त्यांना वाटलं होतं की आपलं वय झालं. चष्मेवाले मान खाली घालून भिंगं बदलून देत राहिले. नवीन कार्ड येईपर्यंत त्यांनी वर्तमानपत्राचे तुकडे वाचायला दिले. त्यांच्या मनात एक हिशेब मात्र चालूच होता आणि त्यात घरचं माणूस येऊन बसलं होतं. रात्री ताटावर बसलं की ते बायकोकडे चोरून बघायचे. ती भाजीतली मिरची बोटांनी चाचपून बाजूला काढत होती. विचारायची त्यांची छाती होईना.

अशात प्रकाशकांचा फोन आला.

फोनवर संपादिकाबाई होत्या. आवाज गोड, घाईचा. “कादंबरी आम्हाला आवडलीय. आम्ही घेतोय. एकच सुचवायचं होतं. ती बाई शेवटी घरी परत यायला हवी.”

“परत?”

“हो. आणि ती का गेली होती, ते तिनं सांगायला हवं. वाचकांना दार असं उघडं राहिलेलं आवडत नाही हो.”

“दाराला तर कुलूप आहे,” चष्मेवाले म्हणाले.

संपादिकाबाई खळखळून हसल्या आणि तुमचा विनोद फार तिरकस आहे म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी विनोद केला नव्हता. “असो. एवढं करून पाठवा. मी लेखकांना करार आधीच पाठवून देते, तुम्ही सही करून ठेवा.”

लेखकांना. त्यापुढचं चष्मेवाल्यांना काही ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ते पडदा ओढून तपासणीच्या खुर्चीत, गिऱ्हाइकाच्या जागी, जरा वेळ बसून राहिले.

घरी आत्यानं टेलिफोन ऑफिस पुन्हा सुरू केलं. ज्यांचे नंबर होते त्यांना सांगितलं, ज्यांचे नव्हते त्यांचे मिळवून सांगितलं. “हो, मोठे प्रकाशक. नाही, आपण पैसे द्यायचे नाहीत, ते वेगळे. हो, माझ्यावरच आहे.” बायको “छान झालं” म्हणाली आणि त्यांच्या पानात वाढताना हात जरा सैल सोडला.

मुलगी म्हणाली, “म्हणजे शेवट बदलायचा?”

“बदलायचा नाही. पुरा करायचा.”

“इतकी वर्षं तो अपुरा होता हे आपल्याला माहीत नव्हतं.”

“तुला नव्हतं माहीत. त्यांना कळलं. म्हणून ते प्रकाशक आहेत.”

मुलगी यावर गप्प बसली. ती बापासारखीच हट्टी होती, पण तिला गप्प बसून हट्ट करता यायचा.

नवीन शेवट एका पाकिटातच झाला. बाई परत येते, शेजारीण किल्ली देते, नवरा दारात उभा असतो. ‘कुठे गेली होतीस?’ तो विचारतो. मग ती सांगते. चष्मेवाल्यांनी तिला एक चांगलं कारणही दिलं होतं. लहानपणी गमावलेली मैत्रीण, तिला शोधायला. लिहिताना कुठे अडलं नाही. इतकं सरळ लिहून झालं याचं त्यांना क्षणभर नवल वाटलं, पण गिऱ्हाईक आलं.

आणि नवीन कार्डासाठी कुणाला पाठ नसलेला मजकूर हवाच होता. हा ताजा होता. मुलीनं काही न बोलता तो अक्षरांच्या मापांत बसवला आणि छापून आणून दिला.

आता काम चोख व्हायला लागलं. गिऱ्हाइकं अडखळत वाचायची, डोळे बारीक करायची, भिंग बदललं की पुढे जायची. चष्मेवाले त्यांच्या नजरेवर नजर ठेवून असायचे. नंबर अगदी जिथल्या तिथे येत होते. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. वाचून झालं की गिऱ्हाईक कार्ड मांडीवर पालथं ठेवायचं आणि म्हणायचं, “बरं, फ्रेमा दाखवा.” कुणी “मग?” म्हणत नव्हतं. बाकावरची माणसं हवापाण्याबद्दल बोलत बसायची. नवीन शेवटाला लोकांची सवय व्हायला वेळ लागेल, असं चष्मेवाल्यांनी स्वतःला सांगितलं.

अशाच एका सकाळी त्यांनी पुढचं गिऱ्हाईक आत बोलावलं आणि पडदा बाजूला करून बायको आत आली.

“तू? अगं, घरीच सांगायचंस. मी घरी…”

“घरी कशाला? इथे नंबर लावून बसले होते मी. कॅशियरांच्या बायकोच्या मागे.” ती खुर्चीत बसली, पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली. “आणि या वेळी डोळे उघडे ठेवा.”

चष्मेवाल्यांनी तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर ठेवली. हलकं भिंग घातलं, कार्ड दिलं.

“काय दिसतंय?”

“वरची ओळ.”

“त्याखाली?”

“त्याखाली काळं.”

त्यांनी भिंग बदललं. मग आणखी एक. मग आणखी. ते पुढे पुढे जात होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळत होतं. एवढा नंबर घेऊन ही बाई घर चालवत होती, कपड्यांना बटणं लावत होती, गोळ्या देत होती.

“अगं, तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्हीच सांगितलंत ना, काही नाही म्हणून. गावाला शंका आली तर ते तुमच्याकडे येतात. मी कुणाकडे जाऊ? त्या दुसऱ्या दुकानात?”

“मग माझं बाड… नंतर वाचते म्हणायचीस ते…”

“दिसत नव्हतं मला. तुम्हाला काय वाटलं?”

काय वाटलं होतं ते चष्मेवाल्यांनी सांगितलं नाही. त्यांनी पुढचं भिंग घातलं. बायको एकदम सरळ बसली. तिनं कार्ड जवळ आणलं, जरा लांब नेलं, पुन्हा जिथे होतं तिथे धरलं.

“अय्या,” ती म्हणाली. “हे बघा की.”

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. पूर्वी वाचलं होतं तसं एका दमात नाही. प्रत्येक शब्द नवा असल्यासारखा, सावकाश. चष्मेवाल्यांनी कार्डावर फिरणारी तिची नजर बघितली. किल्ली मिळाली, दार उघडलं, नवऱ्यानं विचारलं, ती मैत्रीण आली. तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत ती गेली आणि थांबली. तिनं कार्ड पालथं ठेवलं नाही. उलट पुन्हा वर गेली.

“ही परत का आली?”

“अं? संपादिकाबाईंचं म्हणणं आहे की…”

“त्यांना यायचं असेल तर त्यांनी यावं. हिला कशाला ओढता?”

“अगं, पण कारण दिलंय ना. मैत्रीण.”

“मैत्रिणीला शोधायला गेली असती तर किल्ली घेऊन गेली असती,” बायको म्हणाली. “बाई भाजी आणायला गेली तरी किल्ली पर्समध्ये टाकते. यायचं असतं म्हणून. ही शेजारणीला देऊन गेली. म्हणजे हिनं तेव्हाच ठरवलं होतं. तुम्हीच तर लिहिलंय.”

चष्मेवाले हातात भिंगाची पेटी घेऊन उभे राहिले. किल्ली शेजारणीला त्यांनी का दिली होती, हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी लिहिताना ती आपोआप दिली गेली होती.

“ती परत आली नाही तर ते छापणार नाहीत,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आणि त्यांनी छापलं नाही, तर मी तसाच. पाकिटांवर लिहिणारा.”

“हं,” बायको म्हणाली. पडद्याच्या फटीतून बाकावरच्या सगळ्या माना इकडे वळलेल्या दिसत होत्या. “फ्रेम हलकी दाखवा. नाकावर खड्डे पडणारी नको. आणि तुमच्या ताईंसारखी सोनेरी तर मुळीच नको.”

ती उठली. पडद्यापाशी जाऊन वळली.

“आणि ती बाई मी नव्हे, हे आता कळलं मला. मी गेले असते तर दूध आदल्या दिवशीच बंद केलं असतं.”

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

चष्मा दोन दिवसांत तयार झाला. तो घातल्यावर बायकोनं आधी घरातले सगळे कोपरे बघितले, जिथे जिथे धूळ होती तिथे तिथे आत्याकडे बघितलं, आणि मग बाड घेऊन बसली. स्वयंपाक करताना ते ओट्यावर होतं. भाजीचा डाग पडला तो तिनं पुसला आणि पान उलटलं. चष्मेवाले या खोलीतून त्या खोलीत उगाच ये-जा करत होते. ती कुठवर आली ते त्यांना विचारायचं नव्हतं, पण पानांची जाडी उजवीकडून डावीकडे सरकताना दिसत होती. एकदा ती खुदकन हसली. कुठल्या वाक्याला, ते त्यांना कळलं नाही आणि दिवसभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

तिनं वाचलं ते जुनं बाड होतं, मुलीनं पहिल्यांदा टाईप केलेलं. बाई स्टेशनाबाहेर उभी राहते आणि वाट सांगते, तिथे संपणारं. शेवटचं पान तिनं दुपारी उलटलं. मग चष्मा काढून ती पदरानं काचा पुसायला लागली.

“मग?” चष्मेवाल्यांना राहवलं नाही.

“मग काय?” ती म्हणाली. “चांगली वाट सांगितली तिनं. ज्याला सांगितली तो पोचला असेल.”

संध्याकाळी जेवायला सगळी बसली. आत्यानं आपल्या एका जुन्या मैत्रिणीला प्रकाशनसमारंभाला यायचं आमंत्रण आधीच देऊन टाकलं होतं, आणि तिला कुठल्या गाडीनं यायला सोयीचं पडेल हे ती सांगत होती. मुलगी ताटाकडे बघून जेवत होती.

“बाळ, तो करार आला का रे?” आत्यानं विचारलं. “तारीख कळली की त्या बिचारीला तिकीट काढायला बरं.”

“आला,” चष्मेवाले म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला. “सही न करता परत पाठवला. पुस्तक आपण छापतोय. ती बाई परत येत नाही.”